कापलेला कोष वेगळा ठेवा: रेशीम संचालनालयाला खुलं पत्र

प्रति,
मा. संचालक,
रेशीम संचालनालय, महाराष्ट्र राज्य, नागपूर

विषय: अंडीपुंज निर्मिती केंद्रांतल्या कापलेल्या बीजकोषांची वेगळी साठवण आणि नोंद करण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

बीड जिल्ह्यातल्या एका रेशीम उत्पादक शेतकऱ्याची मी मुलगी. वडिलांनी कापूस मोडून दीड एकर तुती लावली तेव्हा मी अकरावीत होते. सकाळी शाळेला जाण्याआधी अळ्यांना फांद्या टाकायच्या, मोल्टवर, म्हणजे कात टाकायला, बसल्या की चुना मारायचा, कोष काढायच्या दिवशी अख्ख्या घराने चंद्रिकांसमोर, म्हणजे अळ्या ज्यांवर कोष बांधतात त्या जाळ्यांसमोर, बसायचं, हे सगळं मी केलंय. आज मी एका प्रयोगशाळेत त्याच कोषांचं प्रथिन विरघळवते आणि त्यापासून हाडाच्या पोकळीत भरायचे सच्छिद्र तुकडे तयार करते. या दोन्ही जागा पाहिलेली माणसं फार नसावीत. म्हणून हे पत्र मीच लिहायला हवं असं वाटलं.

सुरुवात आईपासून करते. तीन वर्षांपूर्वी बॅच संपल्यावर शेड धुताना ती रॅकवरून पडली. गुडघ्याच्या खालच्या हाडाचा वरचा पृष्ठभाग आत दबला. डॉक्टरांनी समजावलं की दबलेला भाग उचलून पातळीला आणायचा, प्लेट लावून धरायचा, आणि त्याच्या खाली जी पोकळी राहते ती कशाने तरी भरायची. नुसती सोडली तर उचललेला भाग पुन्हा खचण्याची भीती असते. भरायला तिचंच कमरेचं हाड काढता येईल, किंवा तयार दाणे मिळतात, असं ते म्हणाले. आईने मला बाजूला बोलावून विचारलं, "कुणाचं हाड घालणारेत गं माह्या पायात?" ती माळकरी आहे. तयार दाण्यांमध्ये काही गाईबैलांच्या हाडांपासून केलेले असतात, काही कारखान्यात खनिजापासून बनवलेले. डॉक्टरांनी तिला काहीही न लपवता सांगितलं. तिने स्वतःचं हाड निवडलं.

गुडघा छान जुळून आला. दुखत राहिली ती कंबर, जिथून हाड काढलं होतं. आठ महिने तिला मांडी घालून भजनाला बसता आलं नाही. यात कुणाची चूक नाही. रुग्णाचं स्वतःचं हाड हा आजही या शस्त्रक्रियेतला सगळ्यात भरवशाचा माल मानला जातो, आणि जिथून ते काढतात ती जागा बऱ्याच जणांना पुढे कित्येक महिने त्रास देते हेही सगळ्या हाडांच्या डॉक्टरांना माहीत आहे. शिवाय ते काढून काढून किती काढणार?

त्या आठ महिन्यांत एकदा आईने विचारलं, "तू म्हणतीस ना कोषापासून हाड करतेस, मग ते का नाही घातलं?" त्या प्रश्नाचं माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. आज अर्धं आहे. उरलेलं अर्धं तुमच्या हातात आहे.

आधी रेशीम हाडाच्या कामाला का येतं ते सांगते. कोषाच्या धाग्यात दोन प्रथिनं असतात. आतला गाभा फायब्रॉइनचा, आणि त्याला चिकटवून ठेवणारा डिंक सेरिसिनचा. वजनाने डिंक साधारण पाव हिस्सा. शस्त्रक्रियेत टाके घालायला रेशीम शेकडो वर्षं वापरलं गेलंय, त्यामुळे माणसाच्या शरीराला ते नवीन नाही. जुन्या काळी काहींना त्याची ॲलर्जी यायची, त्याचं मुख्य कारण नीट न काढलेला डिंक हे होतं असं पुढे लक्षात आलं. म्हणून आमचं पहिलं काम कोष सोड्याच्या पाण्यात उकळून डिंक पूर्ण काढायचा. मग उरलेला कापसासारखा पुंजका लिथियम ब्रोमाइडच्या तीव्र द्रावणात विरघळवायचा, क्षार पाण्यात निथळून काढायचे, की हातात येतं पाण्यासारखं फायब्रॉइनचं द्रावण. अळीच्या पोटातल्या ग्रंथीत ते जसं असतं तिथवर आपण उलट्या वाटेने जातो. मग त्याला हवा तो आकार देता येतो: पडदा, जेल, स्पंज, अगदी स्क्रूसुद्धा. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाच्या गटाने २०१४ मध्ये रेशमाचे स्क्रू करून उंदरांच्या मांडीच्या हाडात बसवून दाखवले होते.

हाडासाठी स्पंज लागतो. त्याची छिद्रं साधारण १०० ते ३०० मायक्रोमीटरची किंवा थोडी मोठी हवीत, म्हणजे पेशी आत शिरतात आणि त्यांच्यामागून रक्तवाहिन्याही. फायब्रॉइनच्या साखळीत ग्लायसीन, ॲलानीन, सेरीन हीच अमिनो आम्लं पुन्हा पुन्हा येतात आणि घड्या घातलेल्या कापडासारखी एकमेकांवर बसतात. त्या घड्यांमुळे स्पंज पाण्यात विरघळत नाही. घड्या किती घट्ट बसवायच्या हे आपण ठरवू शकतो, आणि त्यावरून तो शरीरात काही महिन्यांत जिरणार की वर्षाहून जास्त टिकणार हे ठरतं. साखळीतल्या आम्लधर्मी जागा कॅल्शियम धरतात, त्यावर हाडातलं खनिज बसू लागतं. पेशी आपलं हाड बांधत जातात, एंझाइम रेशीम तोडत जातात, आणि शेवटी उरतात ती अमिनो आम्लं शरीर वापरून टाकतं.

याची मर्यादाही लिहायलाच हवी. असा स्पंज वजन पेलू शकत नाही. मांडीच्या तुटलेल्या हाडाची जागा तो घेणार नाही. प्लेटने किंवा आजूबाजूच्या निरोगी हाडाने आधार दिलेली पोकळी, जबड्यातली गाठ काढल्यावर राहिलेला खळगा, दात काढल्यावरची जागा, अशा ठिकाणी तो शोभतो. आईच्या गुडघ्याखालची पोकळी अगदी तशीच होती.

हे काम आपल्याकडे होतंय. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत फायब्रॉइनपासून हाडासाठी आधार तयार करण्यावर बरीच वर्षं संशोधन झालं आणि त्यातून एक नवउद्यमही उभा राहिला. खरगपूर आणि गुवाहाटीच्या आयआयटींनी टसर, मुगा, एरी या रेशमांवर महत्त्वाचं काम केलंय. म्हणजे ज्ञान आहे, माणसं आहेत, तुतीचे मळे आहेत. मग अडतं कुठे?

अडतं पोत्यात. मी कोष कसे घेते ते सांगते. बाजारातून, व्यापाऱ्यामार्फत, पोत्याने. पोत्यावर काही लिहिलेलं नसतं. कोणत्या वाणाचे, कुणाच्या शेडमधले, किती तापमानाला वाळवलेले, काही कळत नाही. एकदा एका पोत्यातल्या कोषांचं द्रावण मला दोन आठवडे टिकलं आणि दुसऱ्या पोत्यातल्याचं तीन दिवसांत दह्यासारखं थिजलं. कृती तीच, भांडी तीच, पाणी तेच. मी महिनाभर कारण शोधत होते. बहुधा दुसरं पोतं जास्त तापवून वाळवलेलं होतं. कोष जास्त तापला की त्याचा डिंक घट्ट होतो, लवकर सुटत नाही. मग जास्त वेळ उकळावं लागतं, आणि जास्त उकळलं की आतल्या फायब्रॉइनच्या साखळ्या तुटतात. साखळ्या तुटल्या की स्पंजची ताकद, त्याचा जिरण्याचा वेग, सगळं बदलतं. पण हा माझा तर्क झाला. सिद्ध करायला हाताशी एक चिठ्ठीही नव्हती.

साडीला हे चालतं. माणसाच्या शरीरात राहणाऱ्या वस्तूला चालत नाही. वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ प्रमाणे शरीरात ठेवायची, शरीरात जिरणारी वस्तू जास्त जोखमीच्या वर्गात येते, आणि कच्चा माल प्राण्यापासून आलेला असेल तर तो कुठून आला, कसा हाताळला, कोणता रोग तपासला, हे सगळं कागदावर दाखवावं लागतं. ते योग्यच आहे. माझ्या आईच्या पायात जाणाऱ्या वस्तूबद्दल मलाही तेच हवं. पण तो कागद प्रयोगशाळेत तयार होऊ शकत नाही. तो शेडमध्ये आणि केंद्रात तयार व्हावा लागतो.

आता मूळ मुद्दा.

गेल्या वर्षी मला एक अंडीपुंज निर्मिती केंद्र, म्हणजे एकेका मादी पतंगाच्या अंड्यांचे पुंज तयार करतात ती जागा, आतून पाहायला मिळालं. संकरित अंडीपुंज करायचे तर एका वाणाची मादी आणि दुसऱ्या वाणाचा नर लागतो, म्हणून पतंग बाहेर पडण्याआधीच नर आणि मादी वेगळे करावे लागतात. त्यासाठी तिथल्या बाया बीजकोषाचं, म्हणजे अंड्यांसाठी राखलेल्या कोषाचं, टोक ब्लेडने कापतात, आतला प्यूपा (अळीचा पतंग होण्याआधीचा जीव) अलगद तळहातावर घेतात, शेपटीकडची खूण पाहून नर इकडे, मादी तिकडे ठेवतात. त्यांचा वेग पाहून मी थक्क झाले. आणि कापलेली रिकामी कवचं? ती एका कोपऱ्यात ढिगाने पडलेली. धागा सलग निघत नाही म्हणून ती टाकाऊ मालात मोजतात आणि मिळेल त्या भावाने विकतात.

मी त्या ढिगासमोर बराच वेळ उभी राहिले. ज्या कोषाच्या शोधात मी होते तो तिथे होता. तो कधीच तापवलेला नव्हता, कारण आतला प्यूपा जिवंत हवा होता. प्यूपा मरून त्याचा डाग आत लागलेला नव्हता, पतंगाने भोक पाडताना सोडलेला द्रव लागलेला नव्हता. वाण शुद्ध आणि माहीत असलेला होता. बीजकोष निवडक शेतकऱ्यांकडूनच येतात, त्यामुळे कुणाचे हे नोंदलेलं होतं. आणि अंडी घातल्यावर मादी पतंगांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी होते, त्यामुळे त्या लॉटची पेब्रिन या अळ्यांच्या रोगाची तपासणीही झालेली होती. ही तपासणी लुई पाश्चर यांच्या कामातून आली. १८६५ मध्ये फ्रान्समधले रेशीम उत्पादक पेब्रिनने हवालदिल झाले तेव्हा त्यांना पाठवण्यात आलं, आणि रोगी मादीची अंडी बाजूला काढायची ही साधी, कडक शिस्त त्यांनी घालून दिली. दीडशे वर्षांनंतरही आपण ती पाळतो. रेशीम उद्योगाइतकी जुनी नोंदीची शिस्त शेतीतल्या फार थोड्या धंद्यांना असेल.

फायब्रॉइन विरघळवायचंच असेल तर धागा सलग हजार मीटर निघतो की पाच मीटरवर तुटतो याने काहीच फरक पडत नाही. साडीसाठी जो कोष वाया गेला, तो हाडासाठी सगळ्यात चांगला ठरू शकतो. फक्त त्याच्यासोबतची माहिती त्या ढिगात मिसळून जाते. केंद्राच्या वहीत सगळं आहे आणि कवचं दुसऱ्या पोत्यात आहेत, आणि पोतं दारातून बाहेर पडताच त्या दोघांचं नातं कायमचं तुटतं.

माझी विनंती एवढीच आहे, साहेब. ते नातं तुटू देऊ नका. राज्याच्या केंद्रांत सुरुवात करा, आणि केंद्रीय रेशीम मंडळाच्या केंद्रांसाठी बंगळूरला एक पत्र लिहा. कापलेली कवचं लॉटप्रमाणे वेगळ्या स्वच्छ कापडी पिशवीत, कोरड्या जागी, उन्हाबाहेर ठेवा. पिशवीत एक चिठ्ठी असू द्या: वाण, अंडीपुंजाचा लॉट क्रमांक, शेतकऱ्याचा संकेतांक, कोष बांधल्याची तारीख, शेडमध्ये आणि अळ्यांवर वापरलेली निर्जंतुकं, पेब्रिन तपासणीचा निकाल, कापल्याची तारीख, आणि "तापवलेला नाही" असा शिक्का. संशोधन संस्थांना आणि परवानाधारक उत्पादकांना ही पिशवी जाहीर केलेल्या भावाने मिळू द्या. माल थोडाच लागेल, पाच किलो, दहा किलो. पण वर्षातून चार वेळा आणि प्रत्येक वेळी चिठ्ठीसकट.

माल थोडाच लागेल असं म्हणाले, त्याचा हिशेब देते, कारण इथेच आपली गल्लत होऊ शकते. चांगल्या दुबार (वर्षाला दोन पिढ्या देणाऱ्या) वाणाच्या एका कोषाचं कवच साधारण ०.४ ग्रॅम. डिंक गेल्यावर साधारण ०.३ ग्रॅम फायब्रॉइन उरतं. १० घनसेंटीमीटरची पोकळी भरणाऱ्या स्पंजमध्ये बहुतेक जागा छिद्रांचीच असते. ६ टक्के फायब्रॉइन धरलं तर लागतं ०.६ ग्रॅम. गाळणीत, भांड्यांत जाणारी तूट धरून एका रुग्णाला चार कोष पुरे. आमच्या घरी १०० अंडीपुंजांची बॅच चांगली आली की ६५ किलोच्या आसपास कोष निघतात, म्हणजे ३७ हजार कोष. त्यात नऊ हजार रुग्णांचं काम भागेल. एका शेतकऱ्याच्या एका बॅचमध्ये!

म्हणून कृपा करून महारेशीम अभियानाच्या फलकावर हाडाचं चित्र काढू नका. "आता कोषापासून हाड, शेतकरी मालामाल" असं कुणी गावात सांगू लागलं तर ते खोटं असेल. माझ्या वडिलांसारख्या माणसांनी बाजारासाठी खूप वाट पाहिलीय. जालन्याची कोष बाजारपेठ २०१८ मध्ये सुरू होण्याआधी ते कोष घेऊन कर्नाटकातल्या रामनगरला जायचे, रात्रभर प्रवास करून, भाव काय लागेल हे ठाऊक नसताना. त्यांना आणखी एक पोकळ आश्वासन नको. हाडाच्या कामाने कोषाचा बाजारभाव हलणार नाही. हलेल ती नोंदीची किंमत. जो शेतकरी चिठ्ठी नीट भरतो त्याला त्या नोंदीचे पैसे वेगळे द्या, कोषाच्या किलोमागे नव्हे, लॉटमागे. रक्कम लहान असली तरी चालेल. पण आपण लिहिलेल्या तारखेला कुणीतरी मोल देतंय हे शेतकऱ्याला कळलं की ती तारीख खरी लिहिली जाते.

एका बाबतीत आपले शेतकरी आधीच पुढे आहेत. शेजारच्या कपाशीवर फवारणी झाली आणि वारा आपल्या तुतीकडे असला तर अळ्या माना टाकतात. त्यामुळे तुतीवाला फवारणीपासून जिवापाड दूर राहतो, शेजाऱ्याच्या पाया पडून त्याला फवारणीची वेळ बदलायला लावतो. माझ्या वडिलांनी हे केलंय. इतका सावध कच्चा माल वैद्यकीय उद्योगाला दुसऱ्या कुठल्या शेतातून मिळेल?

टसरबद्दल थोडं वेगळं. गडचिरोली, भंडारा, चंद्रपूर, गोंदियाच्या जंगलात ऐन आणि अर्जुनावर ढिवर आणि आदिवासी कुटुंबं जो कोसा पिकवतात, त्याच्या फायब्रॉइनमध्ये तुतीच्या रेशमात नसलेली एक गोष्ट आहे. आर्जिनीन, ग्लायसीन, ॲस्पार्टिक आम्ल या तिघांचा एक छोटा क्रम. हाडाच्या पेशी या क्रमाला थेट धरतात. म्हणून संशोधकांना टसरचं फार आकर्षण आहे. पण टसरचा कोष खूप चिवट, त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक, तो आमच्या नेहमीच्या द्रावणात सहज विरघळत नाही. त्यामुळे बरेचदा कोष बांधण्याआधीच अळीच्या ग्रंथीतून फायब्रॉइन काढतात. शिवाय उघड्या झाडावरच्या पिकाची नोंद ठेवणं शेडइतकं सोपं नाही. टसरची घाई करू नका एवढंच माझं म्हणणं. आणि जेव्हा त्यातून काही उभं राहील तेव्हा जैवविविधता कायदा, २००२ मधला लाभवाटपाचा हक्क त्या कुटुंबांपर्यंत पोहोचावा, ही जबाबदारी आत्तापासून तुमच्या विभागाने आपली मानावी.

अजून एक गोष्ट, जी आईमुळेच मनात आली. तिने वीस वर्षं अळ्या पोसल्या आणि दरवेळी कोष विकून आल्यावर ती देवासमोर दिवा लावून थोडा वेळ गप्प बसते. ते कोष पुढे उकळले जाणार हे तिला माहीत असतं. कापलेल्या बीजकोषातला प्यूपा उकळला जात नाही, त्याचा पतंग होतो, त्याची जोडी लागते, मादी अंडी घालते. मग तपासणीसाठी घेतलेली मादी चुरडली जाते, हेही खरं, आणि मी ते आईपासून लपवलं नाही. ती म्हणाली, तिचं आयुष्य संपत आलेलंच असतं, अंडी घालून झाली, चालंल. हा तिचा निर्णय. दुसऱ्या कुणाचा वेगळा असेल. पण ऑपरेशनच्या टेबलावर जाण्याआधी "हे कुणाचं आहे" असा प्रश्न विचारणाऱ्या प्रत्येक माणसाला खरं उत्तर मिळायला हवं, आणि ते उत्तर देण्यासाठी कुणीतरी सुरुवातीपासून लिहून ठेवलेलं असायला हवं. आपल्या राज्यात माळकरी आहेत, जैन आहेत, गाईचं चालत नाही असे आहेत, डुकराचं चालत नाही असेही आहेत. हा प्रश्न त्यांच्यासाठी क्षुल्लक नाही.

खर्चाचा विचार मी केलाय. कापडी पिशव्या, छापील चिठ्ठ्या, एक कोरडी खोली, आणि प्रत्येक केंद्रात दिवसाचा अर्धा तास. कापणाऱ्या बायांचं काम वाढेल, त्यांना त्या अर्ध्या तासाचे पैसे मिळावेत हे मी स्पष्ट लिहिते, कारण अशा वेळी नेमकं तेच राहून जातं. सुरुवातीला एक केंद्र, एक वाण, एक वर्ष. त्या वर्षातले सगळे लॉट माझी प्रयोगशाळा तपासून देईल. साखळ्यांची लांबी, द्रावण किती दिवस टिकतं, डिंक किती उरतो, सगळं तुम्हाला लेखी मिळेल, चांगलं आणि वाईट दोन्ही.

पत्रासोबत चिठ्ठीचा एक पानी नमुना जोडते आहे. वडिलांना भरून पाहायला दिला होता. त्यांना वाटलं, आपण कुठे काय लिहून ठेवतो. मग ते शेडमध्ये गेले आणि भिंतीवरची चार वर्षांची कालनिर्णयं काढून आणली. चौकटी-चौकटीत त्यांचं बारीक अक्षर: चॉकी आली, दुसरा मोल्ट, चुना, विजेता पावडर, पाऊस, पाला ओला, चंद्रिकेवर टाकल्या. जून महिन्याच्या बॅचचा नमुना त्यांनी त्यावरून वीस मिनिटांत भरला. तीच भरलेली प्रत तुम्हाला पाठवते आहे. एक रकाना रिकामा आहे, पेब्रिन तपासणीचा. ती नोंद तुमच्याकडे असेल.

आपली नम्र,
बीडच्या एका रेशीम उत्पादकाची मुलगी